सातबारा गेला, गावठाण उरले: नवी मुंबईतल्या एका कुटुंबाचे साडेबारा टक्के प्रकरण

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे एक आगरी गाव. आज त्याच्या चारही बाजूंना सेक्टर आहेत, पलीकडे रेल्वे स्टेशन आहे, आणि मध्ये दुचाकी जेमतेम जाईल अशा गल्ल्यांचे जुने गावठाण आहे. या गावातल्या एका कुटुंबाला साडेबारा टक्के योजनेचा, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा, भूखंड मिळवताना काय करावे लागले, कुठे चुकले आणि कुठे सावरले, याची ही नोंद. गावाचे व कुटुंबाचे नाव दिलेले नाही. क्षेत्राचे आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, हिशेबाची रीत मात्र जशी होती तशीच आहे.

पार्श्वभूमी

गाव उंचवट्यावर आणि शेत खाली, ही या पट्ट्याची जुनी रचना. खाडीचे पाणी अडवायला मातीचे बांध आणि बांधात जागोजागी उघाडी. उघाडीची झडप बाहेरच्या अंगाला असते. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड गेली तर खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन धुऊन गोडी होईपर्यंत एक-दोन पावसाळे भाताचे नाव घ्यायला नको. त्यामुळे बांधाची दुरुस्ती हे घरापुरते काम कधीच नव्हते, सगळा गाव त्यावर उभा राहायचा. भात, मीठ आणि खाडीतली मासळी या तिन्हींवर मिळून वर्ष निघायचे.

जमिनीची मालकी मात्र बरीचशी गावाबाहेरच्यांकडे होती. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणाऱ्या कुळांना मालक मानले आणि त्या कायद्याच्या 32-ग कलमाखालच्या चौकशीनंतर हप्त्याहप्त्याने किंमत भरून जमिनी नावावर झाल्या. या कुटुंबाच्या आजोबांकडे एकूण 140 गुंठे, म्हणजे साडेतीन एकर जमीन होती. त्यातली 95 गुंठे वडिलोपार्जित आणि 45 गुंठे कूळ म्हणून कसलेली, पुढे 32-ग खाली खरेदी केलेली. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे सगळे भांडण याच फरकावर झाले.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावे, सुमारे 344 चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरवला गेला. शेतजमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या आणि गावठाणे वगळली गेली. घर वाचले म्हणून तेव्हा लोकांना बरे वाटले. घर वाचले खरे, पण ते वाढायला जागा उरली नाही. 1973 मध्ये खाडीपूल झाला, 1992 मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, आणि भाताच्या शेतांवर भराव पडून सेक्टर उभे राहिले.

मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले. 6 मार्च 1990 आणि 28 ऑक्टोबर 1994 च्या शासन निर्णयांनी ते अमलात आले, आणि ज्यांच्या जमिनी सत्तरीच्या दशकात गेल्या होत्या तेही त्यात पात्र ठरले.

अडचण नेमकी काय होती

जमीन संपादित झाली तेव्हा आजोबा हयात नव्हते. ते साठीच्या दशकात वारले होते. मागे पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली. तलाठ्याने वारसाचा फेरफार घातला तो थोरल्या मुलाच्या नावाने, पुढे तीन अक्षरे लावून: ए.कु.पु., म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. त्या काळी ही सर्रास रीत होती. निवाडा, म्हणजे संपादनाचा मोबदला ठरवणारा आदेश, त्याच एका नावाने झाला, मोबदल्याचा धनादेश त्याच एका नावाने निघाला.

योजना आली तोवर आजी आणि दोन भाऊ वारले होते. कागदोपत्री पात्र माणूस एक आणि प्रत्यक्ष हक्कदार पाच शाखा. दोन्ही बहिणींची नावे तर एकाही फेरफारात नव्हती.

दुसरी अडचण घराची. 1985 च्या आसपास कुटुंब वाढले तेव्हा धाकट्या भावाने गावठाणाच्या हद्दीला लागून, स्वतःच्याच पण संपादित झालेल्या जमिनीवर, 110 चौरस मीटरचे घर बांधले. पुढे त्यावर दोन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. लोक याला गरजेपोटी बांधलेले घर म्हणतात आणि सिडकोच्या दप्तरी ते अतिक्रमण असते. पात्र क्षेत्रावर असे बांधकाम आढळले की भूखंडाचे वाटप अडते.

तिसरी अडचण सर्वांत उशिरा कळली. मधल्या भावाच्या मुलाने भूखंडांची सोडत निघायच्या आधीच आपल्या वाट्याची ‘फाईल’ एका एजंटाला देऊन टाकली होती, म्हणजे रोख रक्कम घेऊन कुलमुखत्यारपत्र सही करून दिले होते.

किती मिळणार होते

आधी आकडा काढून घ्यायला हवा होता. तो कोणीच नीट काढला नव्हता आणि गावात ‘साडेतीन एकराचे साडेबारा टक्के’ असा मोघम हिशेब चालू होता.

140 गुंठे म्हणजे 14,164 चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के 1,770 चौ. मी. होतात. पण त्यातले 30 टक्के, म्हणजे मूळ क्षेत्राच्या 3.75 टक्के, सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. हातात येतात 8.75 टक्के, म्हणजे 1,239 चौ. मी. त्यावर तेव्हाचे दीड चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, धरले तर 1,859 चौ. मी. बांधकाम, आणि त्यातले 15 टक्के, सुमारे 279 चौ. मी., व्यापारी वापराला चालते. भूखंड मालकीचा नसतो, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. क्षेत्र निवाड्यातले धरले जाते, जुन्या सातबाऱ्यावरचे नाही. म्हणून निवाड्याची आणि मोबदला वाटपाच्या तक्त्याची प्रत सर्व्हे नंबर व हिस्सा नंबरवार जुळवून घ्यावी लागते. इथे एका हिश्श्यात पोटखराब्याची (लागवडीला न येणारी) दोन गुंठे जमीन तक्त्यातून सुटली होती, ती मेट्रो सेंटर या नावाच्या भूसंपादन कार्यालयात अर्ज करून जोडून घ्यावी लागली.

वाटे कसे पडतात

इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

भावांच्या बाजूचे म्हणणे, जमीन वडिलोपार्जित आणि बहिणींची लग्ने लावून दिलेली, तेव्हा त्यांनी हक्कसोड करून द्यावे. गणपतीत सगळे जमतात तेव्हा स्टँपपेपर पुढे ठेवायचा, असे ठरलेही होते. थोरल्या बहिणीने सही केली नाही. “दादा, आधी माझा वाटा किती ते तर सांग, मग सोडायचा की नाही ते बघू,” एवढेच ती म्हणाली. प्रकरण कोर्टाबाहेर सुटले ते या प्रश्नामुळे, कारण त्यानंतर वकिलाकडून पहिल्यांदा लेखी हिशेब झाला.

आजोबा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले. वडिलोपार्जित जमिनीत त्यांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे गृहीत धरायचे. वडील (म्हणजे आजोबा), आई (म्हणजे आजी) आणि तीन मुलगे असे पाच समान वाटे, प्रत्येकी एक पंचमांश. मग वडिलांचा पंचमांश आई, तीन मुलगे आणि दोन मुली अशा सहा जणांत. आईचा पंचमांशही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या गुरुपाद विरुद्ध हिराबाई निकालाने पक्के केले आहे. नंतर आई वारल्यावर तिचा सगळा वाटा पाचही मुलांत समान. गणित सोडवले की प्रत्येक मुलाला 28 टक्के आणि प्रत्येक मुलीला 8 टक्के.

कूळकायद्याने आजोबांनी स्वतः किंमत भरून घेतलेली 45 गुंठे स्वकष्टार्जित धरली तर चित्र बदलते. तिथे आईसह सहा वारस, आणि आईनंतर पाचही भावंडे समान, प्रत्येकी 20 टक्के. भावांच्या बाजूचा आक्षेप असा की पणजोबाही तीच जमीन कूळ म्हणून कसत होते, म्हणून तीही वडिलोपार्जित. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण खरेदीचे 32-म प्रमाणपत्र आजोबांच्या एकट्याच्या नावाचे होते आणि हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवलेल्या होत्या, पत्र्याच्या पेटीत, मीठ-वजनाच्या वहीत घातलेल्या. त्या सापडल्यावर भावांच्या बाजूने ताणले नाही.

दोन्ही मिळून बहिणीचा वाटा 7.6 अधिक 9, म्हणजे 16.6 गुंठे, आणि भावाचा 26.6 अधिक 9, म्हणजे 35.6 गुंठे. भूखंडात सांगायचे तर प्रत्येक बहिणीला सुमारे 147 चौ. मी., प्रत्येक भावाच्या शाखेला सुमारे 315 चौ. मी.

ही तडजोड हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपूर्वीची आहे. आज असेच प्रकरण आले तर मुलींना जन्मतः समान हक्क देणारी ती दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्या आधारे बहिणी बरोबरीचा वाटा मागू शकतात. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या विल्हेवाटींना (विक्री, वाटणी वगैरे) दुरुस्तीने हात लावलेला नाही, आणि सत्तरीतले संपादन त्यात बसते की भूखंडाचा हक्क नंतर निर्माण झाला असे धरायचे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. तेव्हा 28 आणि 8 हा आकडा कोणी जसाच्या तसा उचलू नये.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय फाईल विकण्याचा. एजंट लगेच पैसे देतो, कटकट नको. पण भूखंड कोणत्या नोडमध्ये (सिडकोच्या शहराच्या विभागात), रस्त्याला लागून की आतला, हे सोडत निघेपर्यंत ठाऊक नसते. त्यामुळे भाव सर्वांत वाईट भूखंड धरून लावला जातो आणि चांगला निघाला तर फायदा एजंटाचा. शिवाय असा व्यवहार सिडकोच्या दप्तरी येत नसल्याने तीच फाईल दोघातिघांना विकली गेल्याची प्रकरणे या पट्ट्यात कमी नाहीत.

दुसरा, वाटप झाल्यावर त्रिपक्षीय कराराने भूखंड थेट विकण्याचा. यात सिडको, मूळ वाटपधारक आणि नवा घेणारा असे तिघे पक्षकार असतात, हस्तांतरण शुल्क भरावे लागते आणि नाव दप्तरी लागते. व्यवहार स्वच्छ, पण पैसा पाच शाखांत वाटून दोन वर्षांत संपतो. गावात गाड्या आल्या आणि गेल्या, हे सगळ्यांनी पाहिले होते.

तिसरा, विकासकाबरोबर बांधकामाच्या वाट्याचा करार. चौथा, स्वतः बांधणे. चौथ्यावर फार चर्चा झाली नाही. भांडवल नव्हते, भाडेपट्ट्याचा भूखंड तारण ठेवायला सिडकोची ना-हरकत लागते, आणि करारात दिलेल्या मुदतीत बांधकाम पुरे झाले नाही तर मुदतवाढीसाठी जादा अधिमूल्य बसते.

प्रत्यक्षात काय केले

आधी वारस. 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेतला. अर्जात दोन्ही बहिणींची आणि वारलेल्या भावांच्या सर्व वारसांची नावे घातली. एक नाव गाळले की वर्षभराने कोणी हरकत घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून, म्हणून वंशावळ गावातल्या तीन वडीलधाऱ्यांकडून तपासून घेतली होती. वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि हरकतीची मुदत धरून याला जवळपास वर्ष लागले.

मग फाईल सोडवणे. एजंटाने दिलेली रक्कम परत करायची तर पैसे कुठून आणायचे? तिसरा पर्याय नक्की झाल्यावर विकासकाच्या आगाऊ रकमेतून ती दिली. कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत असल्याने रद्दलेखही नोंदणीकृत केला, एजंटाची पावती घेतली, जाहीर नोटीस दिली आणि तिची प्रत सिडकोच्या संचिकेत आवक क्रमांकासह जमा केली. पुतण्याने घेतले होते त्यापेक्षा एजंटाला व्याजासह जास्त द्यावे लागले, ते पुतण्याच्या शाखेच्या वाट्यातून वळते केले. यावरून घरात दोन महिने अबोला होता.

घराचा प्रश्न असा सोडवला की घराखालचे 110 चौ. मी. पात्र क्षेत्रातून वेगळे दाखवण्याऐवजी स्वतंत्र अर्ज केला, कुटुंबाने बांधकाम जाहीर केले आणि नवीन मजला न चढवण्याचे हमीपत्र दिले. वाटप काही काळ रोखून धरले गेले, पण संचिका बंद झाली नाही.

सोडतीत भूखंड दोन नोड पलीकडे निघाला. गावाजवळ मिळावा ही सगळ्यांचीच इच्छा असते. रस्त्याची बाजू मात्र चांगली होती.

करार 45 टक्के कुटुंबाला आणि 55 टक्के विकासकाला असा झाला. कुटुंबाच्या वाट्याला 836 चौ. मी. आले. प्रत्येक बहिणीला सुमारे 99 आणि प्रत्येक भावाच्या शाखेला सुमारे 213 चौ. मी. त्याच्या साधारण 52 चौ. मी.च्या सोळा सदनिका झाल्या. बहिणींना दोन-दोन, भावांच्या शाखांना चार-चार. कोणाला कोणता मजला हे चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि ती यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडली. हे शहाणपणाचे झाले, कारण इमारत उभी राहिल्यावर पूर्वेकडच्या सदनिकांना दोन दिशांनी वारा येतो हे सगळ्यांच्याच लक्षात आले.

निष्पत्ती

भूखंडाचे काम अर्ज ते भोगवटा प्रमाणपत्र मिळून नऊ वर्षांत झाले. सोळापैकी अकरा सदनिका आजही कुटुंबात आहेत.

गावातल्या घराचे अजून पुरते मिटलेले नाही. त्या घरावर दोन कार्यालयांचा हक्क चालतो. जमीन मालक म्हणून सिडको आणि नियोजन प्राधिकरण म्हणून महानगरपालिका. दोघांच्याही नोटिसा येऊन गेल्या. घरपट्टी लागली की घर अधिकृत झाले, असा गावात समज आहे. तो चुकीचा आहे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, वर शास्तीही लावते, आणि त्या पावतीवरच तसे छापलेले असते. 25 फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने गावठाण हद्दीपासून 250 मीटरच्या आतली गरजेपोटी घरे शुल्क घेऊन भाडेपट्ट्याने नियमित करण्याची वाट उघडली. हे घर त्या अंतरात बसते.

आणखी एक परिणाम कोणत्याही करारात नव्हता. भोवतालचे सेक्टर भराव घालून वर उचलले गेले, त्यामुळे उंचवट्यावरचे गाव आता खोलगट भागात आहे. शहराचे पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचे, ही योजना तत्त्वतः जुन्या उघाडीचीच. पण तलाव गाळाने भरतात, त्यात कांदळवन वाढते आणि ते काढायला न्यायालयाची परवानगी लागते. मोठा पाऊस आणि उधाण एकत्र आले की पाणी आधी गावठाणात शिरते. या घराचे जोते आता रस्त्यापेक्षा दीड फूट खाली आहे.

वेगळे काय करता आले असते

ए.कु.पु. नोंद संपादनाच्या वेळीच दुरुस्त करून घेता आली असती. भूसंपादन कायद्याच्या कलम 9 च्या नोटिशीला उत्तर देताना सर्व हितसंबंधितांची नावे लिहून दिली असती तर निवाड्यातच पाच नावे आली असती आणि वारस दाखल्याचे वर्ष वाचले असते. विमानतळासाठी साडेबावीस टक्के योजनेत आलेल्या कुटुंबांपैकी ज्यांनी हे आधी केले, त्यांचे भूखंड बरेच लवकर हातात पडले.

मोठी चूक दुकानांची झाली. वाटणी क्षेत्रफळावर ठरली आणि 279 चौ. मी. व्यापारी क्षेत्र सगळे विकासकाकडे गेले, कारण करारात ‘कुटुंबाला 45 टक्के बांधीव क्षेत्र’ एवढेच लिहिले होते. रस्त्याकडच्या तळमजल्याचा दर वरच्या सदनिकेच्या दुप्पट असू शकतो. निवासी आणि व्यापारी असे दोन वेगळे 45 टक्के लिहायला हवे होते. तसे केले असते तर 125 चौ. मी. दुकाने कुटुंबाकडे राहिली असती, म्हणजे प्रत्येक शाखेला कायमचे भाडे. वकिलाने करार वाचला होता, पण वास्तुविशारदाकडून आराखडा वाचून घेतला नव्हता.

विकासकाकडून विलंबासाठी बँक हमी घेतली नाही. काम दीड वर्ष रखडले तेव्हा हातात फक्त पत्रव्यवहार होता. तो करार महारेरा या बांधकाम प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाच्या आधीचा. आता प्रकल्प नोंदणी आणि ताब्याची तारीख जाहीर करणे बंधनकारक आहे, तरी जमीनमालकाने हमी वेगळी मागावीच.

घराच्या बाबतीत, दुसरा मजला चढवण्यापूर्वी गावठाण हद्दीची मोजणी करून घ्यायला हवी होती. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी नंतर झाली तेव्हा घराचा एक कोपरा, साधारण 14 चौ. मी., मूळ गावठाणातच असल्याचे निघाले. तेवढ्या भागाला कोणाच्या नियमितीकरणाची गरजच नव्हती. आता 2022 च्या निर्णयाखालचा अर्ज उरलेल्या 96 चौ. मी.साठी भरला आहे, मोजणीचा नकाशा आणि 1985 नंतरच्या वीजबिलांच्या प्रती जोडून.